बेडकीला मागची सीट नाही

सरांनी गाडी घेतली हे कॉलनीला सांगावं लागलं नाही. संध्याकाळी गेटबाहेर आधी एक घुरघुर ऐकू आली, मग पत्रा फाटावा तसा कर्रर्र आवाज आला आणि मग एकदम शांतता. लोक चहाचे कप हातात घेऊनच खाली उतरले. गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवर एक पिवळीजर्द, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी पोटावर बसली होती. पुढची चाकं अलीकडे, मागची पलीकडे, आणि सगळा भार मध्ये. आत सर स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होते. लाल सिग्नल लागल्यावर माणूस जसा शांत बसतो, तसे.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "ही तर बेडकी आहे." झालं, तेच नाव चिकटलं. तिचं खरं नाव परदेशी होतं आणि ते धड म्हणायला सरांचीच जीभ वळत नव्हती, तेव्हा ते इथे सांगण्यात काही अर्थ नाही.

आता यातली खरी मेख अशी की, तो स्पीडब्रेकर सरांचाच होता. म्हणजे रस्ता सरकारचा, डांबर सरकारचं, पण कल्पना, पाठपुरावा आणि तीन वर्षांच्या खेपा सरांच्या. कॉलनी रस्त्याच्या टोकाला, पलीकडे नाल्याची भिंत, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेवढा एकच मार्ग. त्या मार्गावर पोरं सुसाट मोटारसायकली हाणतात म्हणून सरांनी रस्ते विभागाचे उंबरे झिजवले होते. शेवटी जेव्हा त्याचं काम निघालं, तेव्हा तो चांगला दणदणीत व्हावा म्हणून सर स्वतः उन्हात उभे राहिले होते. "अजून एक थर घाला," असं त्यांनी कामगारांना आपल्या तोंडाने सांगितलं होतं. कॉलनीत लोक त्याला 'सरांचा स्पीडब्रेकर' असंच म्हणायचे. आता सर त्यावर बसलेच होते.

सर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. त्या भागात ज्याला म्हणून गाडी येते, त्याला ती सरांनीच शिकवलेली. त्यांच्या शिकवणीच्या गाडीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं : 'चाळीसच्या पुढे मी जबाबदार नाही'. आणि खरोखरच सरांच्या हातात ती गाडी कधी चाळीसच्या पुढे गेली नव्हती. चौथा गिअर विद्यार्थ्यांना ते नुसता दाखवायचे, वापरून नाही. असा माणूस शर्यतीची गाडी घेऊन येतो म्हटल्यावर लोकांना प्रश्न पडणारच. सर कोणाला म्हणाले गुंतवणूक आहे, कोणाला म्हणाले फार स्वस्तात मिळाली, तर कोणाला म्हणाले इंजिनाचा अभ्यास करायचा आहे. सगळ्या थापा. खरं कारण त्यांच्या बायकोशी संबंधित होतं, आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्याचं असं झालं. शिकवणीच्या गाडीत डावीकडे, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच असतो. लग्नानंतर वहिनी पहिल्यांदा सरांशेजारी बसल्या तेव्हा त्यांनी बटाट्याची पिशवी पायाशी ठेवली, ती नेमकी ब्रेकवर. भर बाजारात गाडी जागच्या जागी थांबली आणि मागचा दूधवाला सायकलसकट डिकीवर आला. त्या दिवशी सरांनी नियम केला : डावीकडच्या सीटवर आपल्याशिवाय कोणी बसायचं नाही. सर चालवत असले की ती सीट रिकामी. वहिनी मागे. सरांचा नियम म्हणजे नियम, त्यात बायको-बियको काही नाही. तेव्हापासून वहिनी जन्मभर मागे बसल्या. दोघांचं बोलणं व्हायचं ते आरशातून. "यांचं टक्कल नेमकं कुठून सुरू झालं ते मला विचारा," वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, "मी रोज बघत होते." मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तिला स्टेशनवर सोडून दोघं परत येत होते, तेव्हा मागच्या सीटवर एकट्याच बसलेल्या वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, मीटर टाका. मला रिक्षात बसल्यासारखं वाटतंय."

हे वाक्य सरांना लागलं. रात्रभर नाही, चांगलं महिनाभर लागून राहिलं. आता तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर बायकोला सरळ म्हणावं, ये, पुढे बस. छे. सर त्या जातीचे नव्हते. केलेला नियम आपणच मोडायचा म्हणजे काय? शिवाय वहिनींना सवयच अशी लागली होती की कोणाच्याही गाडीत त्या मागचंच दार उघडायच्या. सरांनी चारी बाजूंनी विचार केला आणि त्यांना उपाय सापडला. नियम मोडायला नको, बोलायला नको, काही नको. मागची सीटच नसलेली गाडी घ्यायची. एक सीट आपली, दुसऱ्या सीटवर बायको, तिसरी जागाच नाही. पायाशी दुसरा ब्रेक नाही, तेव्हा बटाट्यांचीही भीती नाही. इतका सोपा उपाय याआधी कसा सुचला नाही याचं सरांना नवल वाटलं.

गाडी मिळाली एका आर्किटेक्टकडे. तो म्हणाला, पोटच्या पोरीसारखी जपली आहे, केवळ पाठीच्या दुखण्यामुळे देतोय. बोलताना त्याचे डोळे पाणावले होते. सरांनी पैसे दिले (आकडा इथे देत नाही, तो वहिनींनासुद्धा अर्धाच सांगितलेला आहे), त्याने किल्ली सरांच्या मुठीत कोंबली आणि पाठदुखीचा माणूस धावणार नाही इतक्या वेगाने तो घरात पळाला. दाराला आतून कडी लागल्याचा आवाजही सरांना ऐकू आला. पण त्या वेळी सरांचं लक्ष डावीकडच्या सीटवर होतं. ती रिकामी होती आणि फार मऊ दिसत होती.

तर ही गाडी आता स्पीडब्रेकरवर. कॉलनीच्या अध्यक्षांनी सूत्रं हातात घेतली. अध्यक्ष म्हणजे कॉलनीत पाण्याच्या टाकीपासून मांजरांपर्यंत सगळ्याचे अध्यक्ष. त्यांनी आपला जुना पलंग मोडून त्याच्या फळ्या आणवल्या. तळमजल्यावरचे टेलरमास्तर खांद्यावरची टेप घेऊन रस्त्यावर सपशेल आडवे झाले आणि गाडीच्या पोटाखाली बघून म्हणाले की इकडून दीड बोट सैल आहे, तिकडून घट्ट आहे. वजन कमी करा, असा सल्ला आला. गाडीत वजन म्हणजे सरच होते, म्हणून सर उतरले. मग आठ-दहा जणांनी गाडी उचलल्यासारखी करून फळ्यांवरून आत घेतली आणि सर शेजारून चालत आले. आपल्या गाडीतून कॉलनीत पहिला प्रवेश त्यांनी असा पायी केला.

वहिनी हे सगळं गच्चीतून बघत होत्या. सर वर आले, घाम पुसला आणि जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाले की रविवारी खाडीवरच्या नव्या पुलावर एक चक्कर मारून येऊ. पूल नुकताच झाला होता, तिथून सूर्यास्त फार सुंदर दिसतो असं सगळे सांगायचे, आणि वहिनींना तिथे जायचं होतं. वहिनींनी गाडीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"मी बसेन," त्या म्हणाल्या. "पण आधी तिला एकदा पुलापर्यंत जाऊन आपल्या पायांनी परत येऊ दे. ढकलत आणलेली चालणार नाही."

अट रास्त होती. सरांनी ती मनातल्या मनात मान्यही केली. एक चक्कर, जाऊन येऊन तासाभराचं काम. त्यात काय एवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनी फळ्या घेऊन हजर. सर छान इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले, दार उघडलं, रुबाबात आत बसले, पट्टा लावला आणि हात पुढे केले तर स्टिअरिंगच नाही. तीस वर्षांची सवय, सर डावीकडे बसले होते. सगळी कॉलनी बघतेय. सरांनी मोठ्या गांभीर्याने समोरचा कप्पा उघडला, त्यात काहीतरी तपासल्यासारखं केलं, कप्पा बंद केला, उतरले, वळसा घातला आणि उजवीकडे बसले. टेलरमास्तर रस्त्यावर आडवे होतेच, त्यांनी उठून विचारलं, काही राहिलं होतं का? सर म्हणाले, कागदपत्रं बघत होतो. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी सर आधी डावीकडे बसून कागदपत्रं बघत.

पहिल्या फेरीत बेडकी मोठ्या रस्त्याला लागली, सर चाळीसवर आणि गाडी रडवेली. ती दुसऱ्या गिअरमध्येच गचके द्यायला लागली. पुलाच्या अर्ध्या वाटेत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. त्यावर इंजिनाचं छोटं चित्र होतं. सरांनी तो बोटाने पुसून पाहिला. गेला नाही, तेव्हा ते मागे फिरले.

मग आला मेकॅनिक. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो पांढरा कोट घालायचा आणि गाडीला पेशंट म्हणायचा. तपासणीची फी तो आधी घ्यायचा, गाडीकडे बघायच्याही आधी. त्याने एक यंत्र लावलं, ओठ चावले आणि पेशंटला एकांत हवा म्हणून सगळ्यांना लांब उभं केलं. मग सरांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं की तुम्ही हिला किती पळवता? सरांनी अभिमानाने आकडा सांगितला. डॉक्टरने मान हलवली.

"दमवत नाही म्हणून आजारी आहे," तो म्हणाला. "हिचा घसा काजळीने भरलाय. शंभरच्या वर न्या, अर्धा तास. औषध म्हणून न्या."

सरांना घाम फुटला. आयुष्यात ज्या माणसाने चौथा गिअर नुसता लांबून दाखवला, त्याला औषध म्हणून शंभर. त्यांनी विचारलं, दुसरं काही पथ्यपाणी नाही का? डॉक्टर म्हणाला, आहे, पण ते इंजिन उतरवून. आणि जो आकडा त्याने सांगितला तोही इथे देत नाही. त्यापेक्षा आर्किटेक्टची पाठ दुरुस्त करून गाडी त्याला परत देणं स्वस्त पडलं असतं. शिवाय तेलही साधं चालत नाही, खास लागतं आणि ते अत्तराच्या भावात मिळतं. टायर पुढचे वेगळे, मागचे वेगळे, एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. विम्यावाल्याने तर फोनवर गाडीचं नाव ऐकून सरांचं वय विचारलं, आणि वय ऐकून फोनच ठेवून दिला. हे सगळं सरांनी घरात थोडं थोडं करून सांगितलं. वहिनी ऐकायच्या आणि एवढंच विचारायच्या, "पुलावर गेली का?"

सर औषध द्यायला निघाले. मोठा रस्ता मोकळा होता. त्यांनी मनाचा हिय्या करून पाय दाबला. पन्नास झाले, साठ झाले. साठला त्यांचे कान गरम झाले आणि आपल्याच गाडीच्या पाठीवर लिहिलेलं वाक्य डोळ्यांपुढे आलं. पाय आपोआप उठला. मग ते सगळ्यात उजवीकडच्या, वेगाच्या लेनमधून, अगदी व्यवस्थित चाळीसने चालले. मागे ट्रकची रांग लागली. हॉर्न, शिव्या, काय विचारू नका. पुढच्या चौकात हवालदाराने थांबवलं. खाली वाकून आत पाहिलं आणि तो खाडकन सरळ झाला. सरांचाच विद्यार्थी. त्याने कडक सलाम ठोकला, तब्येतीची चौकशी केली, वहिनी बऱ्या आहेत ना विचारलं आणि मग पावती पुस्तक काढलं.

"वेगाच्या लेनमध्ये अडथळा केल्याबद्दल," तो फार अदबीने म्हणाला. "सर, तुम्हीच शिकवलंय, ओळख निघाली तरी नियम म्हणजे नियम."

सरांना त्या क्षणी अभिमान वाटावा की लाज, हे ठरवता आलं नाही. त्यांनी दंड भरला आणि हवालदाराची सही जरा तिरकी आहे एवढं मात्र सुनावलं. घरी येईपर्यंत बातमी पुढे पोचली होती. सरांना पोलिसांनी पकडलं, एवढंच लोकांना कळलं. हळू चालवत होते म्हणून पकडलं हे सर जीव तोडून सांगत होते, पण शर्यतीच्या गाडीतल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? दोन आयांनी आपल्या मुलांची नावं ड्रायव्हिंग स्कूलमधून काढून घेतली. उलट मोटारसायकलवाल्या पोरांनी मात्र सरांना पहिल्यांदाच हात केला.

इकडे रोजची फळ्यांची कवायत कॉलनीला जड व्हायला लागली होती. सुरुवातीची हौस फिटली. कोणी म्हणे कंबर धरली, कोणी म्हणे ऑफिसला उशीर होतो. अध्यक्षांनी सभा बोलावली आणि सगळ्यांच्या मते एकच मार्ग निघाला : स्पीडब्रेकर काढायचा. आणि ज्याने लावला त्यानेच काढून आणायचा. सरांनी खाली मान घातली.

रस्ते विभागात सरांना सगळे ओळखत होते. साहेबांनी हसून स्वागत केलं, अजून एक हवाय का, असं विचारलं. सर म्हणाले, आहे तो काढायचा आहे. साहेबांचं हसू गेलं. ते म्हणाले, आमच्याकडे गतिरोधक लावायची पद्धत आहे, काढायची नाही. आजवर कोणी काढा म्हणून आलंच नाही. कारण विचारल्यावर सरांनी गाडीचा उल्लेख टाळला आणि काळ बदलला आहे असं काहीतरी मोघम सांगितलं. साहेबांना दया आली. म्हणाले, असं करा, दुरुस्ती म्हणून अर्ज द्या. दुरुस्तीत उंची थोडी कमी करता येते. मात्र आमचा माणूस येऊन जागा पाहील. सरांना आनंदाने गहिवरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, 'आपला नम्र' च्या खाली दोनदा रेघ मारली.

माणूस आला तो नेमका सकाळी, फळ्यांच्या वेळेला. कोणाला पत्ता नाही. तो नाल्याच्या भिंतीशी उभा राहून बघत होता. त्याने काय पाहिलं? रस्त्याच्या मधोमध आठ-दहा माणसं ओरडताहेत. एक गृहस्थ टेप घेऊन रस्त्यावर पालथे पडलेले. फळ्या आडव्या टाकलेल्या. एक पिवळी गाडी रिकामी, तिचा मालक डावीकडच्या सीटवर बसतोय, उतरतोय, वळसा घालतोय, परत बसतोय. त्या माणसाने शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि कोणाशीही न बोलता निघून गेला.

दरम्यान सरांच्या लग्नाचा वाढदिवस आला. सरांनी मनाशी ठरवलं होतं, आज काय वाटेल ते होवो, सकाळी गाडी पुलावर नेऊन आणायची आणि संध्याकाळी वहिनींना सूर्यास्ताला न्यायचं. कॉलनीलाही तारीख ठाऊक होती, त्यामुळे त्या दिवशी कोणी कुरकूर केली नाही. फळ्या लागल्या, टेलरमास्तर आडवे झाले, "येऊ द्या, येऊ द्या," झालं आणि बेडकी एकदाही न घासता स्पीडब्रेकर ओलांडून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गच्चीत वहिनीसुद्धा किंचित हसल्या, सरांनी ते आरशात पाहिलं. आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवर होते नव्हते तेवढे सगळे दिवे एकदम लागले. बेडकीने एक उचकी दिली आणि गेटपासून दहा पावलांवर बंद पडली.

डॉक्टर आला, फी घेतली, यंत्र लावलं. निदान असं निघालं की गाडीने आता स्वतःलाच बंधन घालून घेतलं आहे. ती सुरू होईल, पण पहिल्या गिअरच्या पुढे जाणार नाही, आणि चढ तर बघायचाही नाही. एक भाग परदेशातून बोटीने यावा लागेल. बोट कधी निघेल ते बोटवालाच जाणे. तोवर मात्र रोज हातभर पुढे, हातभर मागे करत राहा, डॉक्टर म्हणाला, नाहीतर एका जागी उभी राहून चाकं चपटी होतील. एवढं बोलून तो पांढरा कोट झटकून गेला. उचलून नेणारी गाडीही आली होती, पण तिचा आकडा बेडकीच्या पोटाखाली शिरेना, तेव्हा तिचा ड्रायव्हर फक्त येण्याचे पैसे घेऊन गेला. लोक पांगले. फळ्या तिथेच राहिल्या.

दुपारी डांबराची गाडी आली. सर जेवण अर्धवट टाकून धावत खाली गेले. त्यांना वाटलं, आले बाबा, स्पीडब्रेकर खाली करायला आले. वाढदिवसाच्या दिवशी देव पावला. त्यांनी मुकादमाचे आभारसुद्धा मानले. मुकादमाने कागद दाखवला. त्यात लिहिलं होतं की पाहणीच्या वेळी सदर ठिकाणी प्रचंड वर्दळ आढळली, एक पादचारी रस्त्यावर पडलेला आढळला, वाहनचालक गोंधळलेल्या मनःस्थितीत आढळला. सबब सदर जागा अत्यंत धोकादायक असून एक गतिरोधक अपुरा आहे. आणखी एक मंजूर.

सर म्हणाले, अहो पण तुम्ही तो माझ्या गाडीच्या पुढे घालताय, मग मी जाणार कसा? मुकादम म्हणाला, गाडी पुढे घ्या. सर म्हणाले, ती जात नाही. मग मागे घ्या. मागे स्पीडब्रेकर आहे. मुकादमाने जरा विचार केला आणि म्हणाला, आम्ही गाड्या हलवायला आलेलो नाही. काम चांगलं झालं, उंच, भरदार, पहिल्यापेक्षा सरस. कडा सरळ यावी म्हणून त्यांनी अध्यक्षांच्या पलंगाच्या फळ्या आडव्या लावल्या आणि त्या डांबरात अशा काही बसल्या की आता काढायच्या तर रस्ताच उचलावा लागेल. तासाभरात सगळे निघून गेले. बेडकी दोन स्पीडब्रेकरांच्या मध्ये, पुढे हातभर, मागे हातभर.

कॉलनी जमली, पण सल्ला द्यायला कोणाची जीभ उचलेना. अध्यक्ष आपल्या फळ्यांकडे बघत राहिले. टेलरमास्तरांनी टेप काढली आणि माप न घेताच परत खांद्यावर टाकली. शेवटी सगळे हळूहळू आत गेले. सरांना कोणाला तोंड दाखवावंसं वाटेना. वर जायचं तर वहिनी विचारणार, पुलावर गेली का? ते गुपचूप गाडीत जाऊन बसले. मन ठिकाणावर नव्हतं, पाय सवयीने गेले, म्हणजे अर्थात डावीकडे. तीस वर्षं मी लोकांना शिकवलं, त्यांना वाटत होतं, आणि एका बायकोला शेजारी बसवता आलं नाही. त्यांना खरोखरच फार वाईट वाटलं.

ऊन उतरलं तेव्हा वहिनी थर्मास आणि दोन कप घेऊन खाली आल्या. त्यांनी आधी मागचा स्पीडब्रेकर पाहिला, मग पुढचा. मग वाकून खिडकीतून सरांकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही चुकीच्या बाजूला बसलाय."

"माहितेय," सर म्हणाले.

"मग मी कुठे बसू? मागे तर काहीच नाही."

हाच तो क्षण होता. याच्यासाठी तर सगळा खटाटोप, याच्यासाठी तो आकडा, तो दंड, ते दिवे. सरांनी मनात या क्षणाची कितीतरी वेळा तालीम केली होती आणि त्यात ते नेहमी उजवीकडे बसलेले असायचे. जे दोन शब्द आयुष्यभर तोंडातून निघाले नव्हते, ते शेवटी निघाले.

"पुढे बस."

वहिनी गाडीला वळसा घालून उजवीकडे आल्या, दार उघडून स्टिअरिंगसमोर बसल्या आणि थर्मास मांडीवर ठेवला. सीट खरंच मऊ होती. मग सवयीने त्यांनी समोरच्या आरशात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुम्ही आरशात दिसत नाही हो."

"मी इथे आहे. डावीकडे बघ."

वहिनींनी डावीकडे पाहिलं. नीट, सावकाश पाहिलं. इतक्या जवळून आणि इतक्या बाजूने त्यांनी सरांना कधी पाहिलंच नव्हतं. "कानात किती केस वाढलेत तुमच्या," त्या म्हणाल्या, "कोणी सांगितलं नाही का?" सर म्हणाले, कोण सांगणार? आणि का कोण जाणे, त्यांना एकदम हसू आलं. वहिनींनाही आलं. थर्मास सांडता सांडता वाचला.

चहा पिऊन झाल्यावर वहिनींनी विचारलं की डॉक्टर रोज पुढे-मागे करायला सांगून गेलाय ना, मग ते कोण करणार? सरांनी घसा साफ केला. कोणालाही पहिल्या दिवशी सांगतात तसं त्यांनी सांगितलं, पट्टा लाव, क्लच दाब, किल्ली फिरव, घाई नाही. बेडकी गुरगुरून जागी झाली. गच्च्यांमध्ये माणसं आली. अध्यक्ष वरून ओरडून काहीतरी सल्ला देत होते, सरांनी खिडकीची काच वर केली. वहिनींनी ओठ दातात धरून पाय उचलला आणि गाडी निघाली. सरांचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, सगळी ताकद लावून दाबलेला होता. पण तोंडातून त्यांनी एक शब्द काढला नाही. हातभर अंतर गेलं, नव्या स्पीडब्रेकरला पुढची चाकं अलगद टेकली आणि गाडी थांबली.

वहिनींचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"किती वेगात होतो आपण?" त्यांनी विचारलं.

सरांनी वाकून काटा पाहिला. तो शून्यावरून हललासुद्धा नव्हता.

"चाळीसच्या आत," सर म्हणाले.